शेवटची कुस्ती कोणाची?



शिरूर तालुक्यातलं केंदूर हे माझं गाव. कान्होराज महाराजांचं गाव म्हणून वारकरी मंडळींना ते ठाऊक असतं. तीस वर्षं मी शाळेत पोरांना खेळ शिकवले. आता निवृत्त झालो आहे आणि सकाळी चहाच्या टपरीवर बसून खेळावरचे वाद ऐकतो. आज त्या वादांविषयी थोडं बोलणार आहे. त्यात माझं एक मत सांगणार आहे. गावात ते फारसं कोणाला पटत नाही. तुम्हालाही पटेलच असं नाही.

टपरीवरचा सगळ्यांत जुना वाद म्हणजे गावसकर मोठा की तेंडुलकर. तरुण पोरं आकडे फेकतात. तेंडुलकरचे 200 कसोटींत 15,921 रन, गावसकरचे 125 कसोटींत 10,122. शतकं 51 आणि 34. झाला की निकाल! मग माझ्या वयाची मंडळी उसळतात. 1971 साली वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत 774 रन काढले होते त्या पोरानं, आणि तेसुद्धा हेल्मेट नसताना. तिकडून उत्तर येतं की तेंडुलकर सोळा वर्षांचा असताना पाकिस्तानात उभा राहिला होता. चहा गार होतो, वाद गरमच राहतो.

एकदा हा वाद चालू असताना बाकावरचे एक म्हातारे गाडामालक मला म्हणाले, "सर, एका घाटाचं सेकंद दुसऱ्या घाटात चालत नाही. एवढं साधं ह्या पोरांना का कळंना?"

आमच्या भागातल्या बैलगाड्याच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धाव. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेका गाड्याची बारी होते आणि घड्याळ लावून निकाल ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 सालच्या निकालानं या शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि 2023 साली न्यायालयानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात पोरं मोठी झाली, बैल म्हातारे झाले, पण एक नियम कोणी विसरलं नाही. प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. त्यामुळे या घाटातल्या सेकंदांवरून त्या घाटातल्या गाड्याला कमी लेखायचं नाही. तुलना करायची तर एकाच घाटात, एकाच दिवशी करायची.

बैलांच्या बाबतीत इतकं शहाणपण असलेलं आमचं गाव माणसांच्या बाबतीत ते गुंडाळून ठेवतं. आणि सगळ्यांत जास्त कुस्तीच्या बाबतीत.

आता माझं न पटणारं मत सांगतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रात जे मल्ल झाले, त्यांत मी राहुल आवारेला सगळ्यांत वर ठेवतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा मल्ल. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 57 किलो गटात सुवर्णपदक घेतलं आणि 2019 साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदक. पण तो महाराष्ट्र केसरी झाला नाही. कारण त्या अधिवेशनात लहान वजनगटांच्या कुस्त्या होतात खऱ्या, परंतु गदा मिळते ती वरच्या गटाला, म्हणजे 86 ते 125 किलोंच्या मल्लांना. राहुलनं जन्मभर घाम गाळला असता तरी ती गदा त्याच्या खांद्यावर आली नसती.

हे मी टपरीवर बोललो तेव्हा पोरं हसली. एक जण म्हणाला, "सर, शेवटच्या कुस्तीच्या गड्यानं त्याला नुसता उचलून बाजूला ठेवला असता." असेल. पण मग ट्रॅक्टरनं बैलजोडी ओढून नेली तर बैल हरले म्हणायचं का? दुसऱ्यानं नरसिंग यादवचं नाव काढलं. तो तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि 2015 साली जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यही मिळालं. अगदी बरोबर. पण ते कांस्य 74 किलो गटातलं आहे. जगानं त्याला आधी काट्यावर उभं केलं, आणि मगच मोजलं.

याहून मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मातीत वाढलेला हा गडी मॅटवर उतरला आणि सहावा आला. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं मिळायला 1996 साल उजाडलं, लिएंडर पेसचं. महाराष्ट्राच्या खेळाडूला तर 2024 पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा नेमबाज स्वप्नील कुसळे पॅरिसला कांस्य मिळवून आला. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. ते कर्ज फेडायला खाशाबांनी कुस्त्या भरवल्या. या सगळ्या गोष्टी आपण भाषणात सांगतो. एक मात्र सांगत नाही. त्यांचा गट 57 किलोंचा होता. आज आमच्या यात्रेच्या आखाड्यात 57 किलोंचा अनोळखी गडी आला, तर पंच त्याला दुपारच्या उन्हात पोरांच्या जोडीत लावतील आणि हातावर किरकोळ इनाम ठेवतील.

आपल्याकडच्या आखाड्याची रीत तुम्हाला माहीत आहे. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते. मग नारळ, मग शंभर, पाचशे, हजार. जसजसं ऊन उतरतं तसतशी इनामाची रक्कम चढते आणि मल्लांचं वजनही चढतं. हलगी तापते, फेटे बांधले जातात, पाहुणे हात लावायला मैदानात येतात, आणि मग लागते शेवटची कुस्ती. सगळ्यांत मोठी देहयष्टी, सगळ्यांत मोठं इनाम. बरेचदा हे दोन गडी वीस मिनिटं एकमेकांची मान दाबत उभे राहतात आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवतात. दुपारी पोरांनी केलेले ढाक, कलाजंग, एकेरी पट कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

भारी मल्लांविषयी मला आकस नाही. मारुती मानेंनी 1962 साली जकार्ताला आशियाई सुवर्ण आणलं, ते भारी गटातच. 2023 साली महाराष्ट्र केसरी हवेली तालुक्यातल्या फुलगावला झाली. सिकंदर शेखनं अंतिम कुस्ती अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केली, तेव्हा आमची पोरं कितीतरी दिवस तेच बोलत होती. तो आनंद खोटा नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की, मोठा कोण हे ठरवण्याआधी कशात मोठा, हे विचारा. त्याच वर्षी जानेवारीत सिकंदर आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीतल्या चार गुणांवरून सारा महाराष्ट्र भांडला. मातीत वाढलेला माणूस दोन्ही खांदे टेकले का ते बघतो. गुणांवरची कुस्ती मात्र पाठ मातीकडे किती वळली याचेही गुण देते. दोघं एकच डाव बघत होते, पण घाट वेगळे होते.

आता हे मत मला इतकं का लागतं, तेही सांगून टाकतो. टपरीवर ते मी कधी सांगितलेलं नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक पोरगा होता. नाव सांगत नाही. वजन 58 किलो. एकेरी पट असा काढायचा की समोरच्याला पाय गेल्यावर कळायचं. दर यात्रेला जिंकायचा आणि दर यात्रेला शंभर-दोनशे रुपये घेऊन यायचा. एके दिवशी मीच त्याला म्हणालो, "वजन वाढव. असाच राहिलास तर जन्मभर नारळाच्या कुस्त्या खेळशील." त्याच्या वडिलांना खुराकाचा हिशेब मीच लिहून दिला. दूध, तूप, बदाम. कोरडवाहू शेतीतल्या त्या माणसानं कर्ज काढलं. दोन वर्षांत पोरगा 80 किलोंवर गेला. पटाची चपळाई गेली. भारी गड्यांच्या ताकदीला त्याची हाडं पुरी पडेनात. एका यात्रेत, गावोगावच्या लोकांसमोर, त्याचा गुडघा गेला. आज त्याला नीट मांडी घालून बसता येत नाही. भेटला की अजूनही "सर" म्हणून वाकून नमस्कार करतो, आणि वाकताना तो पाय बाजूला काढतो.

त्याला तसं करायला कोणत्याही नियमानं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. आणि मी ते वाईट बुद्धीनं नाही सांगितलं. आमच्या आखाड्यात मोठेपणा कशात मोजतात, ते मला माहीत होतं म्हणून सांगितलं. तेव्हा वजनगटाच्या स्पर्धेला त्याला घेऊन गेलो असतो तर तो कुठवर गेला असता, हे आता कोण सांगणार?

वजनगट आले की सगळं आलबेल होतं, असंही मी म्हणत नाही. 2024 साली पॅरिसला विनेश फोगाट 100 ग्रॅमनं बाद झाली आणि हातातलं पदक गेलं. काटाही निर्दय असतो. पण तो सगळ्यांना सारखाच निर्दय असतो. विनेशनंतर दोनच दिवसांत अमन सहरावतनं कांस्य मिळवलं, तेही खाशाबांच्याच 57 किलो गटात.

यात्रेच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. इनामाची रक्कम वजनगटांत वाटा, आणि एखाद्या वर्षी शेवटची कुस्ती 57 किलोंची लावा. सगळी बैठक हसली. वर्गणी देणारे म्हणाले, "लोक उठून जातील, सर." त्यांचंही चूक नाही. लोक शेवटच्या कुस्तीसाठी लांबून येतात आणि वर्गणी त्यांच्यासाठीच जमते. पुष्कळ वाद झाला. अखेर एवढं ठरलं की पोरांच्या जोडी नजरेनं न लावता वजन करून लावायच्या, आणि 57 किलोंच्या एका कुस्तीला चांगलं इनाम ठेवायचं, चार वाजता, मैदान भरल्यावर.

धान्याच्या दुकानातला काटा आणून आखाड्याच्या कडेला ठेवला. पोरं रांग लावून त्यावर चढत होती आणि आपापले आकडे एकमेकांना सांगत होती. 57 ची कुस्ती सात-आठ मिनिटं चालली आणि ढाकेवर निकाली झाली. उठून कोणी गेलं नाही. शेवटची कुस्ती त्या वर्षीही भारी मल्लांचीच झाली आणि तिचं इनाम कितीतरी पट होतं.

तर श्रोतेहो, वाद जरूर घाला. गावसकर-तेंडुलकर, माती-मॅट, जुने-नवे. गावाला त्याशिवाय करमणार नाही. फक्त बोलण्याआधी घाट कोणता ते सांगा. आणि तुमच्या गावच्या यात्रेला दुपारी जरा लवकर जा. पंचांनी पोरांच्या जोडी लावायला घेतल्या असतील. त्यांतल्या एखाद्याचा पट बघून तुम्ही नकळत उठून उभे राहिलात, तर त्याच्याजवळ जा, त्याची पाठ थोपटा. वजन वाढव, असं मात्र त्याला सांगू नका.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)