कागद वाचून घ्यायला कुणाकडे जावं लागू नये



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरात पदवीचा हा पहिलाच कागद जाणार आहे. म्हणून आधी अभिनंदन करतो ते तुमच्यासाठी रानात खपलेल्या आईवडिलांचं, आणि मग तुमचं.

मला आज जनसंपर्कासाठीच्या लेखनाबद्दल बोलायचं आहे. हे काम मुंबई-पुण्याकडचं, आपलं नव्हे, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. आपल्या जालन्यात बियाण्याच्या कंपन्या आहेत, पोलादाचे कारखाने आहेत, बाजार समिती, बँका, दवाखाने आहेत, जिल्हा माहिती कार्यालय आहे. या प्रत्येकाला लोकांना रोज काही ना काही सांगावं लागतं आणि ते नीट लिहिणारा माणूस सहजी मिळत नाही.

सप्टेंबर 1948 पर्यंत आपला हा सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू. ज्याला ती येत नसे त्याच्या हाती सरकारी कागद पडला, की तो वाचून सांगणारा माणूस शोधायचा आणि तो सांगेल ते खरं मानायचं. पुढे महाराष्ट्र झाला, 1964 चा मराठी राजभाषेचा कायदा झाला, कागद मराठीत आला. तरीही आजसुद्धा कितीतरी माणसं नोटीस घेऊन शिकलेल्या पोराकडे येतात आणि विचारतात, ‘यात काय म्हटलंय रे?’ कागद मराठीत असून हा प्रश्न विचारावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते बदलणं तुमच्या हातात आहे.

अशी सूचना तुम्ही फळ्यावर नक्की पाहिली असेल: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या अनुषंगाने उद्या पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ यात व्याकरणाची चूक नाही. पण घरातल्या बाईला जे हवं ते यात आहे का? आता हे ऐका: ‘उद्या मंगळवारी नळाला पाणी येणार नाही. मोठी पाइपलाइन फुटली आहे. बुधवारी सकाळी पाणी येईल. पिण्याचं पाणी आजच भरून ठेवा.’ दुसरी सूचना लिहायला जास्त मेहनत लागते. पाइपलाइन दुरुस्त कधी होणार, हे लिहिणाऱ्याला अभियंत्याला फोन करून विचारावं लागतं. ‘सहकार्य करावे’ लिहिलं की विचारायचं राहूनच जातं. धूसर लिहिण्यामागे बहुतेक वेळा पुरेशी माहितीच घेतलेली नसते, असं माझं ठाम मत आहे.

कधी कधी याची किंमत फार मोठी असते. पीकविमा योजनेत गारपिटीने किंवा पुराने नुकसान झालं तर 72 तासांच्या आत कळवायचं, असा नियम होता. असा आकडा प्रसिद्धिपत्रकाच्या पाचव्या परिच्छेदात, मान्यवरांच्या नावांच्या खाली गेला, तर तो वाचेपर्यंत मुदत निघून जाते. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या एका आकड्यावर अवलंबून असतं. तो पहिल्या ओळीत हवा. मान्यवर खाली गेले तरी चालतील. साहेब रागावतील, त्यांना हेच कारण सांगा.

आणि वाईट बातमी लिहायला शिका. 2023 मध्ये एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा त्याची जाहिरात सगळीकडे झाली. 2025 मध्ये ती सवलत गेली आणि खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आला. सवलत गेल्याचं तितक्याच ठळकपणे लिहिणं हेही जनसंपर्काचंच काम. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणीची वेळ आली. अशा दिवशी बियाणे कंपनीत तुम्ही बसलेले असाल तर काय लिहाल? ‘हवामानाच्या प्रतिकूलतेमुळे’ ही पळवाट आहे. कोणतं वाण, कोणता लॉट, तक्रार कुठे करायची, पंचनाम्यासाठी कोणते कागद आणि पिशवी जपून ठेवायची, भरपाईचा निर्णय कधी होणार, एवढं लिहा. वरिष्ठ नको म्हणतील. तरी मसुदा त्यांच्यापुढे ठेवा.

चांगलं लिहिण्याचा नमुनाही याच सोयाबीनच्या पिकात आहे. घरच्या बियाण्याची उगवण तपासायची तर 100 दाणे ओल्या गोणपाटात मांडा, गुंडाळा, ओल टिकवा, काही दिवसांनी कोंब मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर पेरणीला बियाण्याचं नेहमीचं प्रमाण ठेवा, कमी निघाले तर बियाणं वाढवा. हे शिवारात उभ्याउभ्या सांगता येतं, ऐकणाऱ्याला घरी जाऊन करता येतं.

उद्या गावात गेलात, की ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या किंवा बँकेच्या फळ्यावरची एक सूचना उतरवून घ्या. ती सोप्या मराठीत पुन्हा लिहा आणि ज्याच्यासाठी ती आहे अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे अडेल ते वाक्य बदला. मग ती सूचना ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, व्यवस्थापकाला नेऊन द्या आणि ‘ही लावाल का?’ असं विचारा.