नशेचा कायदा आणि जन्माचा शिक्का

सातपुड्यातला भिल्ल मोहाची फुले वेचून घरीच दारू गाळत असे. देवाला, लग्नाला, मयताला ती लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. त्यामागे आरोग्याची काळजी नव्हती, महसुलाची होती.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यात आला. पारधी, कंजारभाट अशा जमातींत जन्मणे हेच संशयाला पुरेसे झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यात परवान्याची वाट होती. १९७३ पासून कारखान्यातली देशी दारू नियमाने विकली जाऊ लागली. पोटासाठी भट्टी लावणाऱ्या झोपडीला मात्र तशी वाट मिळाली नाही. १९८१ च्या कायद्याने हातभट्टीवाल्याला खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध करता येते. जळगाव-धुळ्यात त्या कायद्याला सगळे ‘एमपीडीए’च म्हणतात. हातभट्टीची दारू निरुपद्रवी नव्हे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. पण छाप्याने विष थांबत नाही. छाप्यानंतर जामीन आणि वकिलाचा खर्च येतो, त्यासाठी सावकाराचे कर्ज होते, आणि ते फेडायला पुन्हा भट्टीच लागते. पोराची शाळा मध्येच सुटते. हा खर्च सरकारच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

अमेरिकेत हेच वंशाच्या रेषेवर घडले. १९८६ च्या कायद्याने क्रॅक, म्हणजे ओढायचे कोकेन, आणि कोकेनची पूड यांच्या वजनात शिक्षेसाठी १ ला १०० असे प्रमाण ठेवले. क्रॅकच्या खटल्यांत बहुतेक आरोपी कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये ते प्रमाण १ ला १८ झाले, नाहीसे झाले नाही.

शिरपूर तालुक्यात वनजमिनीवरची गांजाची शेती पोलीस वरचेवर उपटतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुला-फळांचा शेंडा. शेंड्याविना नुसती पाने किंवा बी त्यात मोडत नाही. तरी अख्खी ओली झाडे तोलली गेली, तर वजन सहज फुगते. २० किलोंच्या वर व्यापारी प्रमाण धरले जाते, किमान शिक्षा दहा वर्षे होते आणि कलम ३७ मुळे जामीन दुर्मीळ होतो. राबणारा आदिवासी आत जातो. पैसा लावणारा क्वचितच. भुसावळ जंक्शनवर पिशवीसह सापडणाऱ्याचीही गत बहुधा हीच. आज पदवी घेणाऱ्यांतले काही वकील होतील, काही फौजदार. पंचनाम्यात काय तोलले, हे त्यांनी आधी पाहायला हवे.

नशा सोडवण्याचा दुसरा मार्ग खानदेशाने पाहिला आहे. १९३० च्या दशकात तळोदा भागात गुला महाराजांच्या शब्दावर हजारो आदिवासींनी दारू सोडली. १९३८ मध्ये ते वारल्यावर भाऊ रामदास महाराजांनी ते काम पुढे नेले. तिथे सरकारचा दंड नव्हता. शेजाऱ्याची साक्ष होती. १९९६ च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दिला. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतली अनेक गावे त्यात येतात. अमली पदार्थ कायद्यातही शिक्षेऐवजी उपचाराची वाट आहे: कलम ६४-अ प्रमाणे, थोड्या प्रमाणातील प्रकरणात स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळू शकते.