चित्र नेटवरचं, शब्द आपल्या घरचे

बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज यावर नेहमीच बोलतो. आज मात्र मुलांच्या वहीबद्दल बोलायचंय, कारण गेल्या वर्षी त्यात मी स्वतःच एक चूक केली.

माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. शाळेत प्रकल्प दिला, 'आमच्या गावची विहीर'. चित्र चिकटवायचं आणि दहा-बारा ओळी लिहायच्या. मी गटांचे हिशेब करून दमलेली. झेरॉक्सच्या दुकानात गेले, चाळीस रुपये दिले आणि तयार कागद आणला. वर रंगीत चित्र, खाली छापील मजकूर. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सहा मुलांकडे तोच कागद! चित्रातल्या विहिरीवर छोटं कौलारू छप्पर आणि लाकडी बादली. बाईंनी विचारलं, "अशी विहीर आपल्या गावात कुठं आहे रे?" पोरगा गप्प. घरी येऊन म्हणाला, "आई, मला आपली विहीर माहीत होती. तूच लिहू दिलं नाहीस."

ते मला लागलं. बाईंनी परत लिहून आणायला सांगितलं होतं. मग आम्ही दोघं मोबाईल घेऊन बसलो.

आधी चित्र. नेटवर दिसणारं प्रत्येक चित्र फुकट घेण्याचं नसतं, ते कुणाच्या तरी मालकीचं असतं. पण 'विकिमीडिया कॉमन्स' नावाची साइट आहे. तिथली चित्रं लोकांनी सगळ्यांना वापरता यावीत म्हणूनच दिलेली असतात. चित्राखाली काढणाऱ्याचं नाव आणि वापरण्याच्या अटी लिहिलेल्या असतात. ते नाव वहीत चित्राखाली लिहायचं. शेजारणीकडून विरजण आणलं तर तिचं नाव घेतोच ना आपण, तसंच हे. आणि नुसतं 'विहीर' न शोधता 'बारव', 'सातारा' असे आपल्याकडचे शब्द टाकावेत, म्हणजे परदेशी विहीर गळ्यात पडत नाही. खरं तर सगळ्यात चांगलं चित्र आम्हाला नेटवर मिळालंच नाही. ते पोरानं आमच्या विहिरीवर जाऊन स्वतः काढलं.

आता शब्द. आमच्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. मोबाईलच्या कीबोर्डची भाषा मराठी केली, माइकचं चिन्ह दाबलं आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "आत्याबाई, मोट कशी चालायची ते सांगा." त्या बोलत गेल्या आणि अक्षरं उमटत गेली. बैल धावेवरून खाली कसे जायचे, नाडा कसा ताणायचा, सोंदूर ओढला की पाणी थारोळ्यात कसं पडायचं. स्वतःचं बोलणं पडद्यावर बघून त्या म्हणाल्या, "माझं बी लिहितंय की हे!"

पण यंत्राला आपली बोली नीट कळत नाही. 'मोट'चं 'मोठं' झालं, 'सोंदूर'चं 'सुंदर' झालं. पूर्णविराम तर नव्हतेच. पोरानं एकेक शब्द आज्जीला विचारून दुरुस्त केला आणि मग हातानं वहीत उतरवला. खरा अभ्यास त्या दुरुस्तीतच झाला. मोबाईलनं सगळं बरोबर लिहून दिलं असतं तर तो काय शिकला असता?

लहान मुलांसाठी 'स्टोरीवीव्हर' बघा. प्रथम बुक्सनं 2015 साली ही साइट सुरू केली. मराठी गोष्टी तिथं फुकट वाचता येतात. तिथलीच चित्रं निवडून खाली आपली गोष्टही लिहिता येते. त्यासाठी खातं लागतं, ते मोठ्या माणसाच्या नावानं उघडावं. माहिती शोधायला मराठी विश्वकोशही नेटवर आहे. त्यातलं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मग आपल्या शब्दांत लिहायचं, हा आमच्या घरचा नियम.

काही गोष्टी सांभाळा. 'फुकट' म्हणून कुठलंही ॲप घेऊ नका. पैसे, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागितला की लगेच बंद करा. मुलाचा फोटो, शाळेचं नाव, पत्ता कुठंही टाकू नका. आणि मोबाईल मुलाच्या हाती देऊन चुलीकडे वळू नका, शेजारी बसा.

घरात साधा फोन असेल तरी अडत नाही. आमच्या गटात आता महिन्यातून एका शनिवारी बैठकीनंतर अर्धा तास मुलांसाठी ठेवलाय. दोन मोबाईल, आठ-दहा पोरं आणि एखादी आज्जी. कधी जात्याचा विषय, कधी बियाणं राखण्याचा.

"मी चौथी शिकलेली, मी काय मदत करणार," असं बऱ्याच जणी म्हणतात. अगं, चित्र नेटवर मिळेल, शुद्ध शब्दही मिळेल. पण तुझ्या शेताची, तुझ्या विहिरीची गोष्ट तिथं नाही. ती तुझ्याकडेच आहे. ती सांग, पोराला लिहू दे. माझ्यासारखे चाळीस रुपये देऊन त्याची गोष्ट हिरावून घेऊ नकोस.