दुकानातील माणसे : निवड आणि शिकवण
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने धंद्याविषयी बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. 1975 साली जुन्या अकरावीची परीक्षा उतरून आम्ही शिक्षकी पेशा पत्करला व त्यातच केस पिकविले. परंतु आमचे बालपण वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानात गेले, आणि पुढील सारे आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले. माणूस पारखणे व घडविणे हे दोन्ही धंद्यांत समान आहे, एवढ्याच अधिकाराने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आपल्या समाजातील दुकानदार भेटले की एकच तक्रार ऐकू येते : "गुरुजी, माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही." तयार कपड्यांनी शिलाईचे पुष्कळसे काम ओढून नेले, मुले नोकरीकडे वळली, हे खरेच आहे. तथापि आपण माणूस ठेवतो कसा, याचाही विचार झाला पाहिजे.

याबाबतीत आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका भाच्याला काम हवे होते. एका परिचित दुकानदारास आम्ही पत्र दिले : "मुलगा हुशार व कष्टाळू आहे." मुलगा वाईट नव्हता, पण त्यास या कामाची मुळीच आवड नव्हती, आणि हे आम्हांस ठाऊक होते. बहिणीच्या शब्दाखातर आम्ही लेखणी चालविली. ऐन लग्नसराईत त्याने मापांच्या चिठ्ठ्या उलटसुलट केल्या आणि एका वराचा पोशाख लग्नाच्या आदल्या दिवशी अंगात शिरेना. दुकानदाराने कापडाची भरपाई दिली. पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक मात्र गेले ते गेलेच. ते गृहस्थ आम्हांस एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुमचे अक्षर पाहून ठेवला होता." त्या दिवशी आम्हांस जी लाज वाटली ती आजही गेलेली नाही. त्याच सुमारास दुसरा एक गरीब मुलगा त्या दुकानी काम मागावयास आला होता. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता, म्हणून आमच्या भाच्यासाठी त्याला परत पाठविण्यात आले होते. म्हणजे आमच्या एका पत्राने तीन माणसांचे नुकसान झाले. कारण भाच्याचीही उमेदीची दोन वर्षे नावडत्या कामात गेली.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की, 'आपला माणूस' ही ओळख दाराशी आणील, पण यंत्रावर बसविणार नाही. नात्यातला असो की परका, प्रत्येकास आठ दिवस कामावर पाहावे आणि त्या आठ दिवसांची मजुरी चोख द्यावी. जुना कपडा देऊन पाच काजे करावयास सांगावे. पहिले काज बिघडले तर बिघडू द्यावे. पाचवे पहिल्यापेक्षा सुधारले की नाही, हे पाहावे. न कळलेले तो विचारतो की झाकतो, सुटे पैसे नीट मोजून देतो की नाही, सायंकाळी कात्री जागेवर ठेवतो की नाही, या लहान गोष्टी कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक बोलतात. पगार, वेळ व सुट्टी पहिल्याच दिवशी कागदावर लिहावी. पुढील निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

आमच्या वडिलांच्या काळी आठ-दहा वर्षांची पोरे काजे-बटणास बसवीत. ते दिवस गेले, हे बरेच झाले. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मूल नोकरीस ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याकडे आपण पाहावे. 2019 च्या सुधारित नियमांनी 4 ते 29 माणसे असलेल्या आस्थापनांनाही, सक्ती नसताना, उमेदवार घेण्याची मोकळीक दिली. आपल्यापैकी किती दुकानदारांस हे ठाऊक आहे?

आता शिकवणीविषयी. आपल्याकडे नवा मुलगा वर्षभर चहा आणतो व इस्त्रीचे कपडे वाहतो. शिकतो ते चोरून, बघून. हे शिक्षण नव्हे. शाळेत जसा धडा क्रमाने घेतो तसे येथेही क्रमाने चालावे. प्रथम टेपवरील इंच व अर्धा-पाव ओळखणे. मग दोरा न घालता कागदावरील रेघेवरून यंत्र चालविणे. पुढे काजे-बटण, तुरपाई, पायजमा, सदरा, कॉलर. आणि शेवटी बेतणे. दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा तास मालकाने स्वतः द्यावा. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर बोलू नये. कपडा उसवून, चूक कोठे झाली ते त्याच्याच तोंडून वदवावे.

पुष्कळजण कात्रीची विद्या झाकून ठेवतात. "शिकविला की समोरच दुकान टाकील" ही त्यांची भीती. ती अगदीच खोटी नाही, काहीजण टाकतातही. परंतु विद्या झाकणाऱ्याचे काय होते, ते आम्ही घरी पाहिले. वडील बेतण्याचे काम कोणास शिकवीत नसत. त्यांस पक्षाघात झाला तेव्हा दुकानात चार कारागीर होते, यंत्रे चालू होती, आणि कापड कापणारा एकही नव्हता. तीन महिन्यांत दुकान बंद झाले.

याउलट लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. 1888 साली बेळगावी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या गृहस्थांनी 1910 साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे तयार कारागीर कोठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतील माणसे घेऊन त्यांनी त्यांस ओतकाम व लोखंडकाम शिकविले. माणूस मिळत नाही म्हणून ते बसून राहिले नाहीत.

बंधुभगिनींनो, कापड बेतताना आपण शिवणीत थोडी माया ठेवतो. पुढे अंग वाढले तर कपडा टाकून द्यावा लागत नाही. हाताखालच्या मुलासाठीही तेवढी माया ठेवावी : त्याच्या चुकीला, त्याच्या वाढीला, आणि उद्या तो आपले दुकान थाटील त्यालाही. संस्थेने वर्षातून एकदा दुकानदार व उमेदवार यांची गाठ घालून द्यावी, अशी आमची सूचना आहे. त्या दिवशी शिफारसपत्रे मात्र घेऊ नयेत. आमचेही घेऊ नये.