कमरेवरचा व्रण : संकोच नको, तपासणी हवी



नाशिक जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून धोतर नेसणारे आजोबा आणि लुगडे नेसणाऱ्या आजी आजही भेटतात. धोतराची गाठ किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळली, की तेथील कातडी काळवंडते, जाड होते, तिला भेगा पडतात. क्वचित तेथेच कर्करोग उद्भवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली या दुर्मीळ रोगाचे वर्णन केले.

व्रणाच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून निदान निश्चित होत नाही. मलमपट्टीतच महिने दवडले, तर रोग जांघेतील गाठींपर्यंत पोचू शकतो. वेळीच कळल्यास व्रण भोवतालच्या निरोगी कातडीसह कापून काढतात आणि रोगी बरा होऊ शकतो.

खरी अडचण संकोचाची आहे. वस्त्राखालची जखम भगिनी दाखवीत नाहीत. हा संकोच शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी दूर करावा. नाडी रुंद असावी, सैल बांधावी, तिची जागा बदलावी. चार आठवड्यांत न भरणारी जखम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, हेही घरोघरी सांगावे.