पाऊस मावळात, पैसा मुंबईत
(लोणावळा येथील बैठकीतील भाषण)



काही देश श्रीमंत आणि काही गरीब का, याची पंडित तीन उत्तरे देतात. तिन्ही मावळच्या मातीवर घासून पाहू.

पहिले, हवापाणी. आभाळाकडे डोळे लावणाऱ्या कपाशी-ज्वारीवाल्याला हे पटेलही. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी इथला भातकरी सावकार झाला नाही. ते पाणी टाटांनी वळवण, शिरवत्याला अडवून खोपोलीला सोडले. १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. कापूस कोरडवाहूवाल्यांचा, पाणी मावळचे. श्रीमंत झाली मुंबई.

दुसरे, लूट. दादाभाई नौरोजींनी तिचा हिशेबच मांडला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे उतरली आणि देशावरचा कापूस विलायतेला जाणे सोपे झाले. उत्तर खरे, पण अपुरे. इंग्रज १९४७ ला गेला. गरिबी का राहिली?

तिसरे, कायदा कोणाच्या हाती? या मांडणीला २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. तरी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी गेल्याच. इंग्रज गेला, पण तो कायदा २०१३ पर्यंत राहिला. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, हे केंद्राच्या नव्या कायद्यात आले ते तेव्हा.

पाऊस आपल्या हाती नाही. कायदा माणसाने केला, तो माणसाला बदलता येतो. म्हणून गावात विचारा: आपल्या जमिनीचा, पाण्याचा, मालाचा निर्णय कोण करतो?