एका शहराचा खंदक

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेस, रॉचेस्टर नांवाचें एक मध्यम आकाराचें शहर आहे. आपल्याकडे त्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. पण कोडॅक कॅमेऱ्याचे जनक जॉर्ज ईस्टमन यांनीं आपला उद्योग याच गांवीं उभारला असें सांगितलें, म्हणजे ओळख पटावी. माझी मुलगी व जांवई नोकरीच्या निमित्तानें तेथें राहतात. त्यांच्याकडे दोन वेळां जाऊन राहण्याचा योग मला आला.

माझा जन्म मास्तरकींत गेला. फळ्यावर खडूनें नकाशे काढण्यांत पस्तीस वर्षें सरलीं. त्यामुळें नव्या गांवीं पाऊल ठेवलें कीं आधीं तेथला नकाशा पुढें घ्यावयाचा, ही खोड अजून सुटत नाहीं. रॉचेस्टरच्या नकाशांत मला एक चमत्कारिक आकृति दिसली. शहराच्या मध्यवस्तीभोंवतीं रस्त्याचें एक कडें घातलेलें होतें. पण पूर्वेच्या बाजूस तें तुटलेलें होतें. जांवयाला विचारलें तेव्हां तो म्हणाला, "तें चुकून तुटलेलें नाहीं, बाबा, मुद्दाम तोडलें आहे." त्या तुटक्या कड्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

तेथील लोक या रस्त्याला 'इनर लूप' म्हणतात. आपण त्याला आंतला वळसा म्हणूं. बाहेरचाही एक वळसा आहे, तो उपनगरांतून फिरतो. आंतल्या वळशाला सरकारी दप्तरांत ९४० टी असा क्रमांक आहे, परंतु पाटीवर तो क्रमांक लिहीत नाहींत. रस्ता पुरा होता तेव्हांही त्याची लांबी पावणेतीन मैलांच्या आंतच, म्हणजे सुमारें सव्वाचार किलोमीटर होती. पश्चिमेस ४९० क्रमांकाच्या मोठ्या महामार्गापासून तो फुटे, ईशान्येकडे चढत स्टेट स्ट्रीट ओलांडी, जेनेसी नदीवरून पलीकडे जाई, रेल्वे स्टेशनाच्या जवळून पूर्वेकडे सरके. मग दक्षिणेला वळून युनियन स्ट्रीटच्या कडेकडेनें मनरो अव्हेन्यूपर्यंत येई आणि पुन्हा त्याच ४९० ला मिळे. दक्षिणेची बाजू त्या महामार्गानेंच पुरी केलेली होती. मोटारींतून हा सारा फेरा पांच मिनिटांचा.

हा रस्ता नदी ओलांडतो त्या ठिकाणाच्या किंचित् उत्तरेस जेनेसीचा शहाण्णव फुटी धबधबा आहे. सॅम पॅच नांवाच्या धाडसी उडीबहाद्दरानें १८२९ सालच्या नोव्हेंबरांत येथें उडी घेतली आणि तो प्राणास मुकला. पण शहर वसलें तें या पाण्याच्या जोरावर. धबधब्याच्या शक्तीवर पिठाच्या गिरण्या चालूं लागल्या आणि १८२५ मध्यें ईरी कालवा पुरा झाल्यावर तें पीठ दूरदूरच्या बाजारांत जाऊं लागलें. कालवा भर गांवांतून, नदीवर बांधलेल्या दगडी पुलावरून वाहत असे. पुढें कालवा शहराच्या बाहेर नेला, तेव्हां त्याच्या कोरड्या पात्रांत भुयारी रेल्वे घातली; ती १९२७ पासून १९५६ पर्यंत प्रवासी नेत होती. ती बंद पडल्यावर त्याच पात्राचा कांहीं भाग ४९० च्या महामार्गाला मिळाला. आधीं होड्या, मग रेल्वे, मग मोटारी. जमिनीखालून वाहतूक नेण्याची या गांवाला जुनी संवयच होती म्हणा ना!

आंतल्या वळशाचें काम १९५२ मध्यें सुरू झालें व १९६५ मध्यें संपलें. त्या वेळच्या कारभाऱ्यांना आज हंसणें सोपें आहे. पण त्यांच्या जागीं आपण असतों तर निराळें काय केलें असतें, हें मला छातीठोकपणें सांगवत नाहीं. १९५० मध्यें शहराची वस्ति तीन लक्ष बत्तीस हजारांची होती. दुकानें मध्यभागांत, कचेऱ्या मध्यभागांत, आणि घरोघर नवी मोटार आलेली. रस्ते तुंबत. उपनगरांत राहावयास गेलेला मनुष्य खरेदीसाठीं गांवांत यावयास कंटाळूं लागला, तर बाजार बसेल, ही भीति खरी होती. म्हणून मध्यवस्तीभोंवतीं असा रस्ता करावा, कीं त्यावरून मनुष्य झपाट्यानें यावा, हव्या त्या दारानें आंत शिरावा व झपाट्यानें परतावा. हेतु बाजार वांचविण्याचा होता.

पूर्वेचा भाग तर जमीन खोल खणून, खंदकासारखा केला. त्यावर पूल टाकले व दोन्ही कांठांनीं आणखी रस्ते घातले. सगळें मिळून रुंदी कोठें कोठें बारा गाड्यांच्या रांगांएवढी झाली. वाटेंत आलेलीं घरें व दुकानें पाडलीं. खंदकाच्या आंत राहिली ती मध्यवस्ति आणि बाहेर राहिले ते मोहल्ले. दोहोंमधला पायीं येण्याजाण्याचा जुना व्यवहार तुटला.

वळसा बांधला जात असतांनाच, १९६२ मध्यें, त्याच्या आंत मिडटाउन प्लाझा नांवाचा छपराखालचा भव्य बाजार उघडला. शहराच्या ऐन मध्यवस्तींतला अमेरिकेंतील तो पहिला बंदिस्त बाजार. त्याची रचना व्हिक्टर ग्रूएन या नामांकित वास्तुशास्त्रज्ञानें केली होती. कांहीं वर्षें तो गजबजला. परंतु ज्या रस्त्यानें मनुष्य लवकर येतो, त्याच रस्त्यानें तो लवकर निघूनही जातो. २००८ मध्यें तो बाजार बंद झाला व पुढें पाडण्यांत आला. २०१० च्या शिरगणतींत शहराची वस्ति दोन लक्ष दहा हजारांवर उतरली होती. सगळें पाप रस्त्याच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. उपनगरांची ओढ सर्व देशभर होती आणि कोडॅकसारख्या कारखान्यांना उतरती कळा लागली, हीं कारणें मोठीं आहेत. तरीपण ज्या मध्यवस्तीसाठीं खंदक खणला तीच रिकामी होत गेली, ही गोष्ट कोणालाही नाकारतां आली नाहीं.

खंदकांतून जाणाऱ्या मोटारी दिवसाला कांहीं हजारच राहिल्या. एवढी वर्दळ साध्या रस्त्यालाही सहज पेलते. उलट त्यावरचे पूल म्हातारे झाले व त्यांच्या डागडुजीचा खर्च डोळ्यांत भरूं लागला. खंदक राखण्यापेक्षां तो बुजवावा, हा विचार १९९० च्या सुमारास नगराच्या आराखड्यांत आला. प्रत्यक्षांत येण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षें गेलीं. २०१३ मध्यें मध्यवर्ती सरकारनें मोठें अनुदान दिलें, २०१४ च्या अखेरीस माती पडूं लागली आणि २०१७ मध्यें काम पुरें झालें. सुमारें पाऊण मैलाचा हा पूर्वेचा तुकडा. पण तो बुजतांच सहा एकर जमीन शहराच्या ऐन पोटांत मोकळी झाली. तींवर राहतीं घरें उठलीं, आणि तेथील खेळांच्या राष्ट्रीय संग्रहालयानें २०२३ मध्यें आपला विस्तार त्याच बाजूस केला.

माझ्या नातीबरोबर मी तेथें गेलों होतों. युनियन स्ट्रीट आतां साधा रस्ता आहे. कडेला सायकलींसाठीं निराळी वाट आहे, नवीं झाडें आहेत. येथें खोल रस्ता होता, असें मी सांगितलें तर ती पोर म्हणाली, "आजोबा, मग तो रस्ता खालीं अजून आहे का?"

मुंबईकर श्रोत्यांना येथें आपल्या कोटाची आठवण होईल. मुंबईच्या किल्ल्याचा तट व खंदक गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत, १८६२ नंतर, काढून टाकण्यांत आला. चर्चगेट नांवाचा दरवाजा होता त्या जागीं १८६४ मध्यें फ्लोरा फाउंटन उभें राहिलें, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नव्या मुंबईच्या मोठमोठ्या इमारती आल्या. एका शहरानें वाढण्यासाठीं खंदक बुजविला, दुसऱ्यानें नव्वद वर्षांनीं वाढण्यासाठींच खणला. मात्र मुंबईचा खंदक शत्रूसाठीं होता; रॉचेस्टरचा कोणासाठीं होता, हें विचारावयाचें तर उत्तरेच्या बाजूस जावें लागतें.

उत्तरेचा सुमारें दीड मैलांचा भाग, मी गेलों तेव्हां, शाबूत होता. त्याच्या पलीकडे जोसेफ अव्हेन्यूचा मोहल्ला आहे. वळसा बांधला जात होता त्या काळीं दक्षिणेंतून आलेलीं कृष्णवर्णी कुटुंबें तेथें दाटीवाटीनें राहत. दुसरीकडे त्यांना घरें मिळत नसत, कारखान्यांत कामही मिळत नसे. १९६४ च्या जुलैंत त्याच रस्त्यावर तीन दिवसांची मोठी दंगल उसळली. आतां हा उत्तरेचा भागही बुजवावा म्हणून न्यूयॉर्क राज्यानें २०२२ मध्यें दहा कोटि डॉलर देऊं केले.

त्या बाजूच्या एका बस-थांब्यावर मला एक ऐंशीच्या घरांतले कृष्णवर्णी गृहस्थ भेटले. मी परदेशी आहें आणि रस्त्याकडे टक लावून पाहत आहें, हें पाहून त्यांनींच बोलणें काढलें. माझा जन्म कोठें झाला तें दाखवितों, म्हणाले, आणि त्यांनीं बोट केलें तें खंदकाच्या मधोमध, जेथें कांहीं नव्हतें तेथें. त्यांचें घर जमिनीवर होतें. जमीनच काढून नेल्यामुळें घराची जागा आतां हवेंत राहिली होती! पाडतांना वडिलांना काय मिळालें, असें मीं विचारलें. घर भाड्याचें होतें, म्हणून कांहीं नाहीं, असें ते अगदीं सहज म्हणाले.

"आतां हें बुजविणार आहेत ना?" मीं म्हटलें.

"हो. माती टाकतील, जमीन पुन्हां वर येईल. पण मास्तर, ती वर येईल तेव्हां कोणाची म्हणून येईल?"

मला उत्तर सुचलें नाहीं. तेवढ्यांत त्यांची बस आली. काठी सांवरीत ते चढले आणि खिडकीपाशीं बसून त्यांनीं मला हात केला.